शेतातील सुतारकामाच्या टेबलाची योग्य उंची

मृगाच्या अगोदरचा महिना-दीड महिना हा आपल्या भागात औजारांच्या डागडुजीचा काळ असतो. डवऱ्याचा दांडा पिचलेला असतो, वखराची जानोळी सैल झालेली असतात, तिफणीचे फण झिजलेले असतात. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा या सहाही तालुक्यांत सोयाबीन व तूर ही खरिपाची प्रमुख पिके आहेत. पेरणी आता बहुतेक ठिकाणी ट्रॅक्टरने होत असली तरी उभ्या पिकात डवरणी करण्यासाठी बैलजोडी आणि लाकडी डवरा अजूनही अनेक शेतकऱ्यांकडे आहे. त्यामुळे लाकडाचे काम शेतकऱ्याला चुकलेले नाही.

पूर्वी हे काम गावचा सुतार बलुत्यावर करीत असे. तो जमिनीवर बसून, लाकूड पायाने दाबून धरी आणि त्यावर वाकस चालवी. त्याला टेबलाची गरज नव्हती. आज गावोगाव सुतार राहिलेला नाही. त्याऐवजी अनेक शेतकऱ्यांनी कोठ्याच्या एका कोपऱ्यात आपले लहानसे कामाचे ठिकाण तयार केले आहे. तेथे हातड्रिल, विजेवर चालणारा रंधा, लहान गोल करवत, ग्राइंडर अशी साधने आली आहेत. ही साधने उभ्याने वापरावयाची असल्यामुळे टेबल आले. मात्र हे टेबल कसे तयार होते? घरात पडून असलेल्या दोन पेट्या किंवा ड्रम घ्यावयाचे, त्यांवर जुन्या दाराची फळी टाकावयाची आणि कामास लागावयाचे. टेबलाची उंची पेटीच्या उंचीवरून ठरते. काम करणाऱ्या माणसाच्या उंचीचा विचार त्यात कोठेच नसतो.

प्रस्तुत लेखक पीकशास्त्राचा अध्यापक आहे, सुतारकाम हा त्याचा विषय नव्हे. परंतु पेरणीच्या तोंडावर शेतकऱ्याची कंबर धरली तर पिकाचे वेळापत्रक कसे कोलमडते, हे त्याने स्वतःच्या घरी पाहिले आहे. म्हणून हा साधा, परंतु दुर्लक्षित विषय येथे मांडला आहे.

एक घरचा अनुभव

माझे वडील दरवर्षी मे महिन्यात औजारे स्वतः दुरुस्त करीत. दोन पेट्यांवर टाकलेली सागवानी फळी हे त्यांचे टेबल होते. आठ-दहा दिवस रंधा आणि पटाशी चालली की त्यांची कंबर दुखू लागे. नेमकी पहिल्या डवरणीच्या वेळी ते खाटेवर असत आणि मजूर मिळाला नाही की तण पिकाच्या वर जाई. सोयाबीनमध्ये पहिल्या सहा आठवड्यांत तण राहिले तर पुढे कितीही खर्च केला तरी झालेले नुकसान भरून निघत नाही, हे आपण जाणतोच. कंबरदुखी हा वयाचा दोष आहे असे आम्ही सर्वजण समजत होतो.

एका वर्षी सहज माप घेतले. वडिलांच्या कोपराची जमिनीपासूनची उंची ४० इंच भरली आणि फळीची उंची होती केवळ २२ इंच. म्हणजे त्यांचे हात कोपरापासून दीड फूट खाली काम करीत होते आणि त्यासाठी ते दिवसभर कमरेत वाकत होते. त्याच दिवशी दोन्ही पेट्यांखाली विटांचे तीन थर घातले. एक वीट ३ इंच जाडीची, म्हणून फळी ३१ इंचांवर आली. कंबरदुखी कायमची गेली असे मी म्हणणार नाही. परंतु त्या वर्षी वडील डवरणीला उभे राहिले. या सुधारणेला अठरा-वीस विटांपलीकडे काही लागले नाही.

चुकीच्या उंचीने काय होते?

कमरेच्या वरचा भाग, म्हणजे डोके, हात आणि धड मिळून शरीराच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भार असतो. माणूस ताठ उभा असताना हा भार पाठीच्या कण्यावर सरळ येतो. माणूस पुढे वाकला की हा भार कण्याच्या पुढे जातो आणि त्याला मागून ओढून धरण्याचे काम पाठीच्या स्नायूंना करावे लागते.

हे एका ढोबळ गणिताने समजून घेऊ. माणसाचे वजन ६० किलो धरल्यास वरच्या भागाचे वजन सुमारे ३५ किलो होते. वाकल्यावर हा भार कमरेच्या मणक्यापासून सुमारे २० सेंटिमीटर पुढे गेला असे समजा. पाठीचे स्नायू मात्र मणक्याच्या मागे सुमारे ५ सेंटिमीटर अंतरावरच असतात. पहारीने दगड उचलताना जो नियम लागू होतो तोच येथे लागू होतो. ३५ ला २० ने गुणून ५ ने भागले असता १४० येतात. म्हणजे हातात काहीही न उचलता, नुसते वाकून उभे राहण्यासाठी पाठीच्या स्नायूंना १४० किलो भाराइतका जोर लावावा लागतो. तो तासन् तास लावावा लागला तर स्नायू थकतात, आखडतात आणि कंबर धरते.

टेबल फार उंच असेल तर याच्या उलट घडते. हात कामापर्यंत नेण्यासाठी खांदे वर उचलून धरावे लागतात. त्यामुळे खांदे, मान आणि दंड भरून येतात. शिवाय रंधा किंवा करवत चालविताना शरीराचे वजन कामावर देता येत नाही. सर्व जोर दंडातून काढावा लागतो. काम हळू होते आणि करवत वाकडी जाण्याचा संभव वाढतो.

काम आणि माणूस यांचा मेळ घालण्याच्या या शास्त्राला अर्गोनॉमिक्स असे म्हणतात. पोलंडमधील यास्त्शेंबोव्स्की या विद्वानाने १८५७ साली हा शब्द प्रथम वापरला. आपल्या देशात भोपाळ येथील केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेने शेतकामगारांच्या शरीराची मापे व ताकद यांची माहिती एकत्र करून २००९ मध्ये ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. औजारे तयार करणाऱ्यांनी परदेशी माणसाच्या मापावर न जाता आपल्या माणसाचे माप घ्यावे, हा त्यामागील उद्देश आहे. आपल्या कोठ्यातील टेबलालाही हेच तत्त्व लागू पडते.

कोपराची उंची कशी मोजावी?

टेबलाची उंची ठरविण्यासाठी माणसाची एकूण उंची मोजण्यापेक्षा कोपराची उंची मोजणे अधिक उपयुक्त असते. त्यासाठी पुढीलप्रमाणे कृती करावी.

१) ज्या ठिकाणी टेबल ठेवावयाचे आहे तेथील भिंतीलगत सपाट जमिनीवर उभे राहावे. काम करताना जी चप्पल किंवा बूट वापरता तेच पायात असावेत.

२) ताठ परंतु सैल उभे राहावे. छाती फुगवू नये, खांदे उचलू नयेत.

३) दंड शरीरालगत सरळ खाली सोडावा आणि कोपरात हात वाकवून पंजा समोर आणावा. दंड व पुढचा हात यांत काटकोन झाला पाहिजे. सुताराचा गुण्या लावून तो पाहता येतो.

४) दुसऱ्या व्यक्तीने कोपराच्या खालच्या टोकाशी भिंतीवर कोळशाने खूण करावी. स्वतःची खूण स्वतः करू नये, कारण त्यावेळी शरीर वाकते.

५) जमिनीपासून खुणेपर्यंत टेपने मोजावे. दोन-तीन वेळा माप घेऊन मधले माप धरावे.

टेप जवळ नसल्यास ढोबळ अंदाज काढता येतो. सर्वसाधारणपणे कोपराची उंची ही माणसाच्या एकूण उंचीच्या शेकडा ६३ भाग असते. त्यानुसार ५ फूट उंचीच्या व्यक्तीचे कोपर सुमारे ३८ इंचांवर, ५ फूट २ इंच उंचीच्या व्यक्तीचे ३९ इंचांवर, ५ फूट ५ इंच उंचीच्या व्यक्तीचे ४१ इंचांवर आणि ५ फूट ८ इंच उंचीच्या व्यक्तीचे ४३ इंचांवर येते. हे माप अनवाणी पायाचे आहे. चपलेच्या तळाची जाडी त्यात मिळवावी. मात्र हा केवळ अंदाज होय. टेबल कापण्यापूर्वी प्रत्यक्ष माप घेणे आवश्यक आहे.

कामाच्या प्रकारानुसार उंची

सर्व कामांना एकच उंची योग्य ठरत नाही. कामाचे तीन वर्ग करावेत.

अ) बारीक नजरेची कामे : लाकडावर आखणी करणे, करवतीच्या दातांना धार लावणे, लहान सांधा जुळविणे, बियाण्याचे दाणे तपासणे इत्यादी. या कामात डोळे जवळ न्यावे लागतात. टेबल खाली असेल तर मान वाकते. म्हणून कामाची उंची कोपरापेक्षा २ ते ४ इंच वर ठेवावी आणि कोपरे टेबलावर टेकवावीत.

आ) हलकी कामे : सरस लावणे, स्क्रू बसविणे, पॉलिश पेपर मारणे, सांगाडा जोडणे, फळांची प्रतवारी करणे इत्यादी. यासाठी उंची कोपरापेक्षा ४ ते ६ इंच खाली असावी.

इ) जोराची कामे : हातरंधा मारणे, पटाशीने खाच पाडणे, गिरमिटाने भोक पाडणे इत्यादी. यांत शरीराचे वजन कामावर द्यावे लागते. म्हणून टेबल कोपरापेक्षा ८ ते १० इंच खाली असावे. घणाचे किंवा जड हातोड्याचे काम असेल तर त्याहूनही खाली, १२ ते १६ इंचांपर्यंत जाण्यास हरकत नाही.

वरील हिशेब दोन उदाहरणांत मांडला म्हणजे स्पष्ट होईल.

कोपराची उंची ४१ इंच असलेला पुरुष : बारीक काम ४३ ते ४५ इंच, हलके काम ३५ ते ३७ इंच, रंधा व पटाशी ३१ ते ३३ इंच.

कोपराची उंची ३८ इंच असलेली स्त्री : बारीक काम ४० ते ४२ इंच, हलके काम ३२ ते ३४ इंच, रंधा व पटाशी २८ ते ३० इंच.

जुन्या कारागिरांचा एक ठोकताळा रंध्याच्या टेबलासाठी अजूनही उपयोगी आहे. टेबलाजवळ सरळ उभे राहून हात खाली सोडावा आणि पंजा मनगटात वाकवून जमिनीला समांतर करावा. तळवा टेबलाच्या पृष्ठभागावर सहज टेकला तर ते टेबल रंध्यासाठी योग्य समजावे. कोपर मोजून काढलेले माप आणि हा ठोकताळा यांत सहसा एक-दीड इंचापेक्षा जास्त फरक येत नाही.

लाकडाची जाडी वजा करावी

येथे अनेकांची चूक होते. वर दिलेली उंची ही ज्या पातळीवर हात काम करतात त्या पातळीची आहे. एक-दीड इंच जाडीच्या फळीवर काम असेल तर टेबलाची उंची आणि कामाची उंची जवळपास सारखीच धरता येते. परंतु बाभळीचे जू किंवा वखराचे खोड चार-पाच इंच जाड असते. ते टेबलावर ठेवले की हात तितकेच वर जातात. म्हणून ३२ इंचांवर काम करावयाचे असेल आणि खोड ४ इंच जाडीचे असेल तर टेबल २८ इंचांचे असावे.

शेतकऱ्याकडे जाड लाकडाचे काम अधिक असते आणि शहरातील फर्निचर करणाऱ्याकडे फळीचे व प्लायवूडचे काम अधिक असते. म्हणून शहरातील दुकानात पाहिलेल्या टेबलाचे माप जसेच्या तसे उचलू नये.

इतर साधनांची उंची

करवतीची घोडी : हातकरवतीने लांब लाकूड कापताना ते गुडघ्याने दाबून धरावे लागते. म्हणून घोडीची उंची गुडघ्याच्या वाटीच्या किंचित खाली, साधारणपणे १८ ते २० इंच ठेवावी. हे काम उंच टेबलावर करू नये.

व्हाइस : कानस मारण्यासाठी बसविलेल्या व्हाइसच्या जबड्याचा वरचा भाग कोपराच्या पातळीत असावा. व्हाइस स्वतः सहा-सात इंच उंच असतो, हे टेबल करताना विसरू नये.

ऐरण : माणूस सरळ उभा असताना मूठ आवळलेल्या हाताची बोटांची पेरे जेथे येतात तेथे ऐरणीचा माथा असावा. ५ फूट ५ इंच उंचीच्या माणसासाठी ही उंची सुमारे २८ इंच येते.

गोल करवतीचे टेबल : येथे सोयीबरोबरच सुरक्षिततेचा प्रश्न आहे. टेबल उंच असेल तर लाकूड पुढे ढकलताना खांदा पुढे जातो, तोल जातो आणि हात पात्याजवळ येण्याचा धोका असतो. पृष्ठभाग कोपरापेक्षा ५ ते ७ इंच खाली असल्यास लाकूड वरून दाबूनही धरता येते आणि पुढेही ढकलता येते. लांब लाकडाला पलीकडून आधार देण्यासाठी दुसरे टेबल ठेवावयाचे झाल्यास ते करवतीच्या टेबलाच्या पातळीत किंवा एखाद सूत खाली असावे. ते वर असेल तर लाकूड अडते आणि अडलेले लाकूड पात्याच्या जोराने मागे फेकले जाते.

प्रतवारीच्या टेबलाची चूक

हाच नियम सुतारकामाबाहेरही लागू होतो. मंगरूळपीर, कारंजा भागात संत्र्याची प्रतवारी, रिसोड व मालेगाव भागात हळदीची निवड, तसेच घरोघरी सोयाबीनच्या बियाण्याची व अलीकडे चियाची सफाई ही कामे प्रामुख्याने महिला करतात.

काही वर्षांपूर्वी एका गावात महिलांसाठी संत्रा प्रतवारीचे टेबल करण्याचा योग आला. सुताराला माप मीच दिले. माझी उंची ५ फूट ८ इंच आणि कोपर ४३ इंचांवर. त्यातून ६ इंच वजा करून मी ३७ इंचांचे टेबल सांगितले. टेबल देखणे झाले. तिसऱ्या दिवशी गेलो तेव्हा टेबल रिकामे होते आणि सर्वजणी खाली ताडपत्रीवर बसून फळे निवडत होत्या. शास्त्रीय पद्धत यांना रुचत नाही, असे माझ्या मनात आले. त्यांतील एक वयस्क बाई म्हणाल्या, "सर, टेबल चांगला हाये, पन थो तुमच्या मापाचा हाये."

त्यांचे म्हणणे अगदी बरोबर होते. तेथील बहुतेक महिलांचे कोपर ३८ इंचांच्या आसपास होते. ३७ इंचांच्या टेबलावर दोन-तीन इंचांचे संत्रे ठेवले की हात कोपराच्या वर जात होते. अर्ध्या दिवसात त्यांचे खांदे भरून येत होते. त्याच दिवशी टेबलाचे पाय ६ इंचांनी कापले. त्यानंतर टेबल वापरात आले. ज्याने काम करावयाचे त्याचेच माप घ्यावे, हा धडा मला त्या बाईंनी दिला.

घरातील स्वयंपाकाच्या ओट्याबाबतही हीच चूक होते. ओटा एकदा बांधला की तो बदलता येत नाही. म्हणून गवंड्याला माप देताना घरातील स्त्रीच्या कोपराची उंची मोजून द्यावी. कणीक मळणे हे जोराचे काम आहे आणि भाजी चिरणे हे हलके काम आहे, हेही लक्षात घ्यावे.

एकाच टेबलावर अनेकजण काम करीत असल्यास

शेतकरी कुटुंबात वडील, मुलगा, सून असे सर्वजण एकच टेबल वापरतात. अशा वेळी पुढीलपैकी एक उपाय करावा.

१) टेबल उंच व्यक्तीच्या मापाचे करावे आणि कमी उंचीच्या व्यक्तीसाठी जमिनीवर फळ्यांचा रुंद पाट ठेवावा. पाट किमान ३ फूट लांब व २ फूट रुंद असावा, तो हलता कामा नये. एक वीट किंवा रिकामे खोके पायाखाली घेऊन काम करू नये. करवत, ग्राइंडर यांसारख्या फिरत्या यंत्राजवळ तर सुटा पाट मुळीच वापरू नये.

२) टेबलाचे पाय लोखंडी चौकोनी पाइपचे करावेत. मोठ्या पाइपमध्ये लहान पाइप बसवून दोहोंना दर २ इंचांवर भोके पाडावीत व जाड बोल्ट घालावा. यामुळे एकच टेबल २८ ते ३६ इंचांपर्यंत कमी-जास्त करता येते. गावातील वेल्डिंगवाला हे काम सहज करू शकतो.

३) जागा असल्यास दोन टेबले करावीत. एक जोराच्या कामासाठी बुटके व भक्कम आणि दुसरे जुळणी व आखणीसाठी उंच व हलके. एकच टेबल करावयाचे असेल तर ज्या कामात सर्वांत जास्त तास जातात त्या कामाचे माप धरावे.

टेबल करण्यापूर्वी चाचणी

टेबल करण्याची घाई करू नये. प्रथम विटा रचून त्यांवर जाड फळी टाकावी आणि हिशेबाने काढलेल्या उंचीवर दोन-तीन दिवस हलके काम करून पाहावे. सायंकाळी शरीर काय सांगते त्याकडे लक्ष द्यावे.

कंबर दुखत असल्यास टेबल कमी उंचीचे आहे असे समजून एक-दोन इंच वाढवावे. खांदे किंवा दंड भरून येत असल्यास टेबल उंच आहे, ते तितकेच कमी करावे. केवळ मान दुखत असेल तर उंचीबरोबर उजेडही तपासावा. उजेड कमी असला की माणूस नकळत कामावर झुकतो.

उंची निश्चित झाल्यावरही टेबलाचे पाय ठरलेल्या मापापेक्षा एक-दीड इंच जास्त लांब ठेवावेत. पाय कापणे सोपे असते, वाढविणे कठीण असते.

उंचीबरोबर लक्षात घ्यावयाच्या बाबी

भक्कमपणा : टेबल हलत असेल तर उंची बरोबर असूनही उपयोग होत नाही. हलणाऱ्या टेबलावर एका हाताने लाकूड सावरावे लागते व शरीर वाकडे होते. पायांना आडव्या व तिरप्या पट्ट्या द्याव्यात, खालच्या फळीवर दगड किंवा वाळूची पोती ठेवावीत.

रुंदी : नेहमी लागणारे साहित्य १८ ते २० इंचांच्या आत, सहज हात पोचेल असे ठेवावे. टेबल फार रुंद केले तर पलीकडची वस्तू घेताना वाकावे लागते.

पायांना जागा : टेबलाच्या खालच्या बाजूस ४ इंच उंच व ४ इंच खोल जागा मोकळी ठेवावी. पाऊल आत गेले म्हणजे माणूस कामाच्या जवळ उभा राहू शकतो. आलटून पालटून एक पाय ठेवण्यासाठी ५-६ इंचांवर एक आडवी पट्टी द्यावी. त्यामुळे कमरेला आराम मिळतो.

जमीन : उभे राहण्याची जागा सपाट व कोरडी असावी. फरशी किंवा काँक्रीट असल्यास जुने रबरी मॅटिंग किंवा चार पदरी पोते टाकावे. यंत्राजवळ मात्र पाय अडकेल असे काही टाकू नये.

बैठक : ज्यांना फार वेळ उभे राहवत नाही त्यांनी बसून करण्याजोगी कामे वेगळी काढावीत. १६ इंच उंचीच्या स्टुलावर बसणाऱ्यासाठी सुमारे २४ इंच उंचीचे टेबल पुरते. ज्यांना जमिनीवर बसून काम करण्याची सवय आहे त्यांनी ती मुद्दाम मोडण्याचे कारण नाही. मात्र उकिडवे बसण्याऐवजी ६ ते ८ इंच उंचीचा पाट घ्यावा व वरचेवर उठून चालावे.

विश्रांती : उत्तम उंचीच्या टेबलावरही एकाच स्थितीत तासन् तास उभे राहू नये. दर अर्ध्या तासाने काम बदलावे किंवा दोन मिनिटे पाय मोकळे करावेत.

सुरक्षितता : विजेच्या यंत्रांना अर्थिंग असावे. काम करताना उपरणे, ओढणी किंवा पदर मोकळा ठेवू नये. डोळ्यांवर चष्मा व नाकावर मास्क वापरावा.

कंबरदुखीबरोबर पायात मुंग्या येणे, पाय बधिर होणे किंवा कळ पायात उतरणे अशी लक्षणे असल्यास टेबलाची उंची बदलण्यावर भिस्त ठेवू नये. त्वरित डॉक्टरांना दाखवावे.

थोडक्यात

● टेबलाचे माप काम करणाऱ्याच्या कोपरावरून ठरवावे.
● बारीक कामासाठी कोपराच्या २ ते ४ इंच वर, हलक्या कामासाठी ४ ते ६ इंच खाली आणि रंधा-पटाशीसाठी ८ ते १० इंच खाली उंची ठेवावी.
● जाड लाकूड असल्यास त्याची जाडी टेबलाच्या उंचीतून वजा करावी.
● महिलांच्या कामाचे टेबल महिलांच्याच मापाने करावे.
● विटांवर फळी ठेवून दोन-तीन दिवस चाचणी घ्यावी, नंतरच पाय कापावेत.

बियाणे, खते, औषधे यांवर आपण दर हंगामात विचारपूर्वक खर्च करतो. ती शेतात नेणाऱ्या माणसाच्या पाठीचा विचार मात्र पाठ दुखल्यावरच होतो. येत्या उन्हाळ्यात औजारे दुरुस्तीला काढण्यापूर्वी शेतकरी बंधू-भगिनींनी कोळशाचा एक तुकडा घ्यावा, भिंतीला लागून उभे राहावे आणि घरातील प्रत्येकाच्या कोपराची खूण करून ठेवावी. पाच मिनिटांचे हे काम आहे. पहिल्या डवरणीच्या दिवशी त्याचा उपयोग झाल्याशिवाय राहणार नाही.